बाईआधी पुरुष

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आमच्या आक्का म्हणायच्या. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातली सॅली रीड ती पायरी चढली, तेही हजार डॉलरसुद्धा न भरणाऱ्या इस्टेटीसाठी.

१९६७ साली तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा रिचर्ड गेला. आईबाप आधीच विभक्त झालेले. मागे राहिलं काय? कपडे, एक क्लॅरिओनेट, गाण्याच्या तबकड्या, थोडी शिल्लक. त्याची व्यवस्था आपल्याकडे असावी म्हणून सॅलीने अर्ज केला. मागून बापानेही केला. कोर्टाने दोघांची लायकी पाहिलीच नाही. कायद्यातच होतं, सारख्या हक्काचे दोघे पुढे आले तर बाईआधी पुरुष. झालं! पोराचे कपडे कोणी आवरायचे, हेही सरकारने ठरवून ठेवलेलं.

बऱ्याच वकिलांनी नकार दिल्यावर बॉइसीचे ॲलन डेर उभे राहिले. मधल्या कोर्टात ती जिंकली, राज्याच्या सर्वोच्च कोर्टात हरली, मग थेट वॉशिंग्टन.

कायद्याचं समान संरक्षण देणारी चौदावी घटनादुरुस्ती १८६८ सालची. पण बाईच्या बाबतीत या कलमाखाली तिथल्या सुप्रीम कोर्टाने तोवर एकही कायदा मोडला नव्हता. १९६१ मध्ये तर बाईचं ठिकाण घर, म्हणून ज्यूरीत तिला आपणहून बोलवायला नको, हेही चालवून घेतलं होतं. सॅलीचं लेखी म्हणणं मांडण्यात पुढे होत्या रूथ बेडर गिन्सबर्ग. त्यावर त्यांनी पॉली मरे आणि डोरोथी केन्यन यांची नावं घातली. दोघींनी यातलं काही लिहिलं नव्हतं, पण हा विचार आधी त्यांनीच मांडला होता. आधी राबलेल्या बायकांची आठवण अशी कोण ठेवतं हो?

२२ नोव्हेंबर १९७१ रोजी सातही न्यायमूर्तींनी एकमताने सॅलीच्या बाजूने निकाल दिला. पुरुषाला आधी घेतलं की सुनावणीचा व्याप वाचतो, हे कारण त्यांनी मानलं नाही.

आता आपल्याकडचं बघा. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता मुलगा गेला, तर आई पहिल्या वर्गातली वारस, बाप दुसऱ्या. सॅलीला इथे भांडावंच लागलं नसतं. पण निपुत्रिक विधवा लेक गेली, तर तिने स्वतः कमावलेल्या पैशावरही आधी नवऱ्याचे वारस, त्यांच्यामागून आईबाप. लेकीला हे माहीत असतं का? मी ओळखीच्या चौघींना विचारलं. एकीलाही नव्हतं.