रस्त्यांची जोडणी आणि शहराचा पसारा

शहरातले रस्ते एकमेकांना किती ठिकाणी मिळतात, यावरून शहराची वाढ सांधलेली की विस्कळीत, हे ठरवणारी नगररचनेतील संकल्पना. चौकात चार रस्ते मिळतात, तिठ्यावर तीन. बंद गल्ली एकाच टोकाला उघडते. चौक कमी आणि बंद गल्ल्या जास्त असल्या की दोनशे मीटरवरच्या दुकानाला किलोमीटरभर वळसा पडतो. त्यामुळे दाट वस्तीचे शहरही या अर्थाने विस्कळीत असू शकते.

अमेरिकेत बंद गल्ल्या ठरवून आखल्या गेल्या. न्यू जर्सीतील रॅडबर्न (१९२९) हा गाजलेला नमुना. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल यांच्या २०१५ च्या अभ्यासानुसार अमेरिकेतल्या नव्या रस्त्यांमधली तुटकता १९९४ च्या सुमारास शिगेला पोहोचली व नंतर ओसरली.

पुण्यात तसे कोणी आखले नाही. तुटकता सातबाऱ्यातून, म्हणजे शेतजमिनींच्या वेगवेगळ्या मालकीतून आली; जुन्या शहरात ती फारशी नव्हती. पेठांमधले बोळ अरुंद, पण बहुतेक कुठेतरी निघतात. वाडे जाऊन इमारती आल्या, तरी बोळांची रेषा फारशी हलली नाही. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यानंतर भांबुर्ड्यात (आताचे शिवाजीनगर) नगररचना योजना झाली : जमिनी एकत्र करायच्या, आधी रस्ते काढायचे, मग उरलेले भूखंड मूळ मालकांना वाटायचे.

पुढे उपनगरांत शेते गटागटाने विकली गेली. ज्याने त्याने आपल्या गटापुरता रस्ता केला आणि फाटक लावले. सार्वजनिक उरली ती जुनी पाणंद किंवा शिवरस्ता; बैलगाडीपुरत्या त्या वाटेवर शेकडो सदनिकांच्या गाड्या आल्या. गुंठेवारीत, म्हणजे गुंठ्यागुंठ्याने जमीन विकताना, तर रस्त्याला सोडलेली प्रत्येक फूट जमीन विकणाऱ्याला तोटाच वाटे. २००१ च्या कायद्याने अशी बांधकामे नियमित करण्याची सोय झाली, पण गल्ली होती तेवढीच राहिली. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली, ती बरीचशी अशी अर्धी बांधून झालेली. विकास आराखड्यातला रस्ता भूसंपादनाअभावी मधेच तुटतो. त्या तुकड्याला पुण्यात ‘मिसिंग लिंक’ म्हणतात. उड्डाणपुलापेक्षा असा एखादा तुकडा जोडणे बहुधा अधिक उपयोगाचे असते, पण त्याच्या उद्घाटनाला गर्दी होत नाही.

आधी रस्ते काढण्याची भांबुर्ड्यासारखी नगररचना योजनांची पद्धत गुजरातने अहमदाबादेत सोडली नाही. महाराष्ट्रात ती दीर्घकाळ मागे पडली. अलीकडे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने म्हाळुंगे-माण येथे ती पुन्हा हाती घेतली आहे.