मोटार, गोठा आणि घरातील आरसीसीबी : खात्रीची चाचणी कशी करावी?

कडबाकुट्टी, गोठ्यातील पाण्याची मोटार, विहिरीवरचा पंप, घरातील गिझर ही यंत्रे ओलीत किंवा ओल्या हातांनी वापरली जातात. वाइंडिंग किंवा केबलचे इन्सुलेशन खराब झाले, की यंत्राच्या बॉडीत करंट उतरतो. अशा वेळी जीव वाचवणारे उपकरण म्हणजे आरसीसीबी. बाजारात यालाच ईएलसीबी म्हणतात. मात्र धूळ, ओल आणि गंज यामुळे त्याची आतील यंत्रणा अडकू शकते. बाहेरून पाहून हे कळत नाही, म्हणून नियमित चाचणी आवश्यक आहे.

एमसीबी पुरेसा का नाही?

एमसीबी ओव्हरलोड किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर पडतो. ओल्या शरीराचा रोध सुमारे १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला शरीरातून सुमारे २३० मिलीअँपिअर करंट जातो. तो जीवघेणा आहे, पण १६ अँपिअरचा एमसीबी त्यावर पडत नाही.

आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट सतत ताडून पाहतो. करंट जमिनीकडे गळू लागला, की फरक पडतो आणि पुरवठा तुटतो. माणसाच्या संरक्षणासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी घ्यावा. १०० किंवा ३०० मिलीअँपिअरचे आरसीसीबी मुख्यतः आगीपासून संरक्षणासाठी असतात. जीव वाचवण्यासाठी त्यांवर विसंबू नये.

दरमहा करावयाची चाचणी

- चालू यंत्रे आधी बंद करावीत. वीजपुरवठा मात्र चालू असावा.
- हात कोरडे असावेत, पायात रबरी चप्पल असावी.
- ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेले बटण क्षणभर दाबावे. जास्त वेळ दाबून धरू नये.
- खटका लगेच पडला पाहिजे. पुढील पुरवठा खरोखर बंद झाला का, हेही तपासावे.
- खटका पडला नाही, तर वायरमनकडून जोडणी तपासून घ्यावी. जोडणी बरोबर असल्यास आरसीसीबी बदलावा.

पावसाळ्यापूर्वी आणि जवळ वीज पडल्यानंतरही ही चाचणी करावी.

थ्री फेज पंपासाठी

चार पोलच्या आरसीसीबीचे टेस्ट बटण बहुधा एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात जोडलेले असते. न्यूट्रल जोडलेला नसेल किंवा ती फेज बंद असेल, तर आरसीसीबी चांगला असूनही बटण काम करत नाही. त्यामुळे जोडणी कंपनीच्या आकृतीप्रमाणेच करून घ्यावी.

बटण काय सांगत नाही?

बटणामुळे फक्त आरसीसीबीची यंत्रणा तपासली जाते. अर्थिंग चांगले आहे का आणि तुमच्या गोठ्याची लाइन त्या आरसीसीबीतून गेली आहे का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी परवानाधारक वायरमनकडून टेस्टर मीटरने तपासणी करून घ्यावी. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी १५ मिलीअँपिअरला पडू नये, ३० ला ०.३ सेकंदाच्या आत आणि १५० ला ०.०४ सेकंदाच्या आत पडावा.

फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावून पाहण्याची पद्धत टाळावी. १०० वॅटच्या बल्बमधून सुमारे ४३० मिलीअँपिअर करंट जातो. त्यावर पडलेला आरसीसीबी ३० वर पडेलच असे नाही. शिवाय अर्थिंग खराब असेल, तर त्याच अर्थिंगला जोडलेल्या इतर यंत्रांच्या बॉडीतही करंट येऊ शकतो.

वारंवार पडत असेल तर

आरसीसीबी काढून लाइन ‘डायरेक्ट’ करू नये. सर्व यंत्रे वेगळी करून एकेक जोडावी. ज्यावर खटका पडतो, त्या मोटारीचे किंवा केबलचे इन्सुलेशन तपासून घ्यावे. जुनी केबल, पाणी शिरलेला जोड आणि उंदराने कुरतडलेली वायर ही नेहमीची कारणे आहेत. शक्य असल्यास घर, गोठा आणि पंप यांना स्वतंत्र आरसीसीबी बसवावा.

लक्षात ठेवा

फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकाच वेळी स्पर्श झाला, तर आरसीसीबीला फरक कळेलच असे नाही. म्हणून दुरुस्तीपूर्वी मेन स्विच बंद करावा आणि स्टार्टरचा ऑटो स्विचही बंद ठेवावा. नाहीतर वीज येताच पंप आपोआप सुरू होतो. कृषी सहायकांनी पावसाळ्यापूर्वीच्या गावभेटीत या चाचणीचे प्रात्यक्षिक आवर्जून दाखवावे.