‘जंगली’ ग्रेग आणि पुण्याची जाळी

हिंदुस्थानांतील क्रिकेटच्या आरंभकाळीं ‘जंगली’ या चमत्कारिक नांवानें एक गोरा फलंदाज सर्वांस ठाऊक होता. जॉन ग्लेनी ग्रेग हें त्यांचें खरें नांव. बोलतां बोलतां त्याचेंच ‘जंगली’ झालें. त्यांचा जन्म 1871 सालीं महू येथें झाला. शरीरयष्टि लहान, पण पायांची हालचाल अशी चपळ कीं, गोलंदाजानें टप्पा कोठें टाकावा हाच प्रश्न पडे. लष्करी अधिकारी या नात्यानें त्यांचें वास्तव्य बराच काळ पुण्या-मुंबईकडे घडलें. रजेवर विलायतेस गेले म्हणजे ते हॅम्पशायर परगण्याकडून खेळत. 1901 सालीं लिव्हरपूल येथें लँकेशायरविरुद्ध त्यांनीं नाबाद 249 धांवा काढल्या, हा त्यांचा मोठा विक्रम. पण महाराष्ट्रास त्यांची ओळख राहिली ती सामन्यांपेक्षां सरावामुळें.

पुण्याच्या गोऱ्या लोकांच्या क्लबांत चार रुपये महिना घेऊन एक पोरसवदा नोकर खेळपट्टी झाडी, रूळ फिरवी, जाळ्या बांधी. हे बाळू पालवणकर. 1876 चा जन्म, जात चांभार. डाव्या हातानें ते असा चेंडू टाकीत कीं, साहेबांनीं झाडू बाजूस ठेववून त्यांस गोलंदाजीस उभें केलें. ग्रेग इतरांच्या आधीं मैदानावर येत आणि तासन् तास बाळूंच्या चेंडूंवर सराव करीत. आपणांस बाद केल्यास दर वेळीं आठ आणे ते देत, असें सांगतात. सौदा उभयतांच्या लाभाचा होता खरा. मात्र एवढ्या वर्षांत बाळूंच्या हातीं बॅट कोणीं दिल्याचें ऐकिवांत नाहीं. फलंदाजी हा साहेबांचा मान!

साहेबांस चालणारा हा गोलंदाज हिंदु संघास चालावा कीं नाहीं, यावर पुण्यांत मोठा वाद झाला. शेवटीं त्यांस संघांत घेतलें. मैदानावर त्यांनीं टाकलेला चेंडू सर्वांनीं हातीं घ्यावा, पण चहाच्या वेळीं त्यांनीं बाहेर उभें राहून मातीच्या भांड्यांत चहा प्यावा, अशी ती व्यवस्था होती. विटाळ चेंडूस लागत नव्हता, चहास मात्र लागत होता.

1906 सालीं मुंबईंत हिंदु संघानें युरोपियन संघास 109 धांवांनीं हरविलें. त्या विजयांत बाळूंचा वांटा मोठा होता. 1911 च्या विलायतेच्या दौऱ्यांत तर त्यांनीं शंभरांहून अधिक बळी घेतले. हिंदु संघाचें नायकत्व मात्र त्यांना कधींच लाभलें नाहीं. 1923 सालीं तें त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांच्याकडे आलें.

ग्रेग मुंबईच्या गव्हर्नराचे लष्करी चिटणीस झाले. सैन्यांतून निवृत्त होऊन विलायतेस गेल्यावर त्यांनीं उतारवयांत कॅथलिक धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली. बाळू 1955 सालीं वारले, ग्रेग 1958 सालीं.