गोरोबांचे हात आणि वानवडीचा पाय

गोरोबाकाकांच्या हातांची कथा मराठी वाचकास नव्याने सांगावयास नको. विठ्ठलाची आण मोडली म्हणून त्यांनी स्वतःचे हात तोडून घेतले, आणि पुढे पंढरपुरी नामदेवांच्या कीर्तनात त्या थोट्या भुजांना पुन्हा हात फुटले. ऋग्वेदातील विश्पलेची हकीकत याहून कितीतरी जुनी. युद्धात तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला धातूचा पाय बसविला. चमत्कार दोन्हींकडे आहे; पण गोरोबांना मूळचा अवयव परत मिळतो, विश्पलेला मिळते ती घडविलेली वस्तू. आमच्या मते हा भेद मोठा आहे.

मराठी मनाने पहिली कथा उराशी धरली. संतांच्या रूपकांत पांगळा येतो तो जिवाच्या असहायतेचे चिन्ह म्हणून. त्याचे रोजचे चालणे कसे असते, हा तेथे प्रश्नच नव्हे. (2015 नंतर रूढ झालेला ‘दिव्यांग’ हा शब्दही आम्हांस याच कुळातला वाटतो.)

पुण्यात मात्र दुसरी कथा पुढे लिहिली गेली. पहिल्या महायुद्धातील जायबंदी सैनिकांसाठी 1917 साली मुंबईत निघालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट नंतर खडकीस आली. दुसऱ्या महायुद्धाने आणखी हात-पाय नेले, आणि 1944 मध्ये वानवडीस सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. पुढे तेथे सामान्य नागरिकांवरही उपचार होऊ लागले.

डिसेंबर 1971 मध्ये सिल्हेटच्या लढाईत पाचव्या गुरखा रायफल्सचे मेजर इयान कार्डोझो यांचा पाय भूसुरुंगावर पडला. मॉर्फिन नव्हते. सोबतच्या गुरखा जवानास त्यांनी पाय तोडावयास सांगितले. त्याचे धैर्य होईना, तेव्हा त्याच्याच खुकरीने त्यांनी तो स्वतः तोडला आणि पुरून टाकावयास सांगितले. पुढची शस्त्रक्रिया केली ती युद्धकैदी झालेल्या एका पाकिस्तानी शल्यचिकित्सकाने. हा प्रसंग वारंवार सांगितला जातो, आणि तो आहेच तसा. आम्हांस मोलाचे वाटते ते त्यानंतरचे, पुण्यातले. कृत्रिम पाय एकदा बसविला की काम संपत नाही. उरलेल्या पायाचे प्लास्टरमध्ये माप घेऊन खोबणी घडवावी लागते; तो पाय पुढे आटत जातो, खोबणी सैल होते, कातडी सोलवटते, आणि पुन्हा माप. या कंटाळवाण्या, खरचटणाऱ्या दिवसांना आपल्या चरित्रवाङ्मयात जवळजवळ जागा नाही. गोरोबांच्या कथेत तर ते असूच शकत नाहीत, कारण तेथे हात एका क्षणात येतात.

कार्डोझोंना बटालियन देण्यास सैन्य तयार नव्हते. त्यांनी चाचण्या दिल्या, लडाखच्या डोंगरांत चालून दाखविले. अखेर बटालियन मिळाली, नंतर ब्रिगेडही. भारतीय सैन्यात अवयव गमावलेल्या अधिकाऱ्यास असे नेतृत्व मिळण्याची ती पहिलीच वेळ. मेजर जनरल म्हणून निवृत्त झाल्यावर ते भारतीय पुनर्वास परिषदेचे अध्यक्ष झाले. तोडलेला पाय सिल्हेटच्या मातीतच राहिला.