उशिरां चालणारीं मुलें

‘मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात’ ही म्हण आपण कौतुकानें वापरतों. परंतु कांहीं घरांत ती फार निराळ्या अर्थानें खरी ठरते. मूल मान धरीत नाहीं, पालथें पडत नाहीं, बसण्याचें वय उलटलें तरी आधारावांचून बसत नाहीं. ‘होईल हळूहळू’ असें म्हणून घरचीं माणसें धीर देतात, आणि मोलाचे महिने निघून जातात. अशा मुलांसाठीं वैद्यकानें आजवर काय केलें, हें आज थोडक्यांत पाहावयाचें आहे.

या इतिहासाच्या आरंभीं लंडनचे डॉक्टर विल्यम जॉन लिटल यांचें नांव येतें. त्यांचा जन्म १८१० चा. बालपणींच्या आजारानें त्यांचें स्वतःचेंच एक पाऊल वांकडें झालें होतें. १८३६ सालीं जर्मनींतील हॅनोवर येथें स्ट्रोमायर या शस्त्रवैद्यानें टांचेची कंडरा छेदून तें सरळ केलें. परत आल्यावर लिटल यांनीं अशाच रुग्णांची सेवा हें आपलें जीवितकार्य मानलें. ज्यांचे पाय ताठ राहतात, गुडघे एकमेकांस घासतात, टांच जमिनीस टेकत नाहीं, अशा मुलांविषयीं १८६१ मध्यें त्यांनीं लंडनच्या प्रसूतिशास्त्रज्ञांपुढें निबंध वाचला. या व्यंगाचें मूळ पायांत नसून, अवघड किंवा अकालीं झालेल्या प्रसूतींत व जन्मतांच श्वास कोंडल्यानें मज्जासंस्थेस पोंचलेल्या इजेंत आहे, असें त्यांचें प्रतिपादन होतें. या विकारास आज आपण सेरेब्रल पाल्सी म्हणतों.

पुढें मनोविश्लेषणामुळें जगप्रसिद्ध झालेल्या सिग्मंड फ्रॉइड यांनीं १८९७ सालीं या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. अवघड प्रसूति हें पुष्कळदां कारण नसून, गर्भावस्थेंतच उद्भवलेल्या दोषाचें तें केवळ चिन्ह असेल, अशी शंका त्यांनीं घेतली. जन्मवेळीं श्वास कोंडणें हें थोड्याच मुलांच्या बाबतींत खरें कारण असतें, असें पुढील संशोधनांत आढळलें. ‘बाळंतपण नीट झालें नाहीं’ म्हणून स्वतःस दोष देणाऱ्या मातांनीं ही गोष्ट अवश्य लक्षांत ठेवावी.

कारण मेंदूंत आहे हें कळलें, तरी उपचार मात्र दीर्घकाळ हातापायांचेच होत राहिले. कंडरा छेदणें, प्लॅस्टर घालणें, लोखंडी पट्ट्या बांधणें, मालीश करणें, हाच मुख्य मार्ग होता. अमेरिकेंत बाल्टिमोरचे विंथ्रॉप फेल्प्स यांनीं १९३० नंतरच्या दशकांत अशा मुलांचे प्रकार पाडून एकेका स्नायूस शिक्षण देण्याची पद्धति बसविली. पण पट्ट्यांचें ओझें तिच्यांतहि होतेंच.

दृष्टि पालटली ती दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. नाझी राजवटीमुळें बर्लिन सोडून लंडनला आलेल्या बर्टा बोबाथ या मूळच्या व्यायामशिक्षिका. शरीर विशिष्ट रीतीनें धरलें व हालविलें असतां ताठरपणा सैल पडतो, असें त्यांना आढळलें. त्यांचे डॉक्टर पति कारेल यांनीं त्या अनुभवास शास्त्रीय उपपत्ति दिली. १९५१ सालीं त्यांचें केंद्र निघालें, आणि ही पद्धति जगभर पसरली. इकडे बुडापेस्टमध्यें आंद्राश पेतो यांनीं १९४५ पासून निराळी वाट धरली. त्यांचीं मुलें समूहानें, गात व आंकडे मोजीत, आपण काय करणार हें तोंडानें उच्चारून तीच हालचाल स्वतः करीत. उपचार आणि शिक्षण हीं दोन नव्हेतच, हा त्यांचा आग्रह होता.

हाच विचार मुंबईंतहि रुजला. १९७२ सालीं मिठू अलूर यांनीं तेथें स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली, आणि अशा मुलांस शिक्षण व उपचार एकाच छपराखालीं मिळूं लागले. त्यांच्या स्वतःच्या कन्येस हाच विकार होता.

परंतु लोकप्रियता म्हणजे सिद्धता नव्हे. ऑस्ट्रेलियांतील आयोना नोव्हॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१३ सालीं या सर्व उपचारांच्या पुराव्याची छाननी प्रसिद्ध केली. तींत बोबाथ पद्धतीच्या बाजूनें समाधानकारक पुरावा आढळला नाहीं. जे उपाय टिकले ते साधे होते : मुलास जें करावेंसें वाटतें तें ध्येय ठरवून, त्याच्याच घरांत, त्याच्याच हातून पुनःपुन्हां करवून घेणें, एक बाजू दुबळी असल्यास चांगला हात कांहीं काळ बांधून दुबळ्यास कामास लावणें.

दीडशें वर्षांच्या या खटाटोपाचें सार इतकेंच कीं, मूल दुसऱ्यानें हालविल्यानें शिकत नाहीं, स्वतः हालल्यानें शिकतें. आपल्याकडील तेलाचें मालीश मायेचें आहे, तें खुशाल करावें. परंतु त्यानें चालणें येत नाहीं. चेंडू किंचित् दूर ठेवून मुलाला तिकडे सरकूं द्यावें, यांत अधिक उपचार आहे. आणि चार महिन्यांनीं मान स्थिर नसेल, नऊ महिन्यांनीं आधारावांचून बसतां येत नसेल, अठरा महिन्यांनीं पाऊल पडत नसेल, तर वाट पाहत न बसतां डॉक्टरांस दाखवावें. वाढत्या मेंदूची शिकण्याची शक्ति पहिल्या वर्षांत विशेष असते. तो काळ ‘होईल हळूहळू’ म्हणण्यांत दवडूं नये.