काचेच्या पात्रांतील चिखल

लंडन शहराच्या ब्लॅकफ्रायर्स भागांत औषधें बनविणाऱ्यांच्या एका जुन्या संघाची वास्तु आहे. तिला ‘अपॉथेकरीज हॉल’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रॉबर्ट वॅरिंग्टन हा तेथील रसायनज्ञ होता. १८४१ सालीं लंडनची केमिकल सोसायटी स्थापन झाली, ती मुख्यत्वेंकरून याच्याच खटपटीनें. औषधांच्या व अर्कांच्या सहवासांत दिवस घालविणाऱ्या या गृहस्थानें १८४९ सालीं एक निराळाच उद्योग आरंभिला. बारा गॅलन, म्हणजे सुमारें ५४ लिटर पाणी मावेल असें एक काचेचें पात्र त्यानें घेतलें. तळाशीं वाळू व चिखल पसरला, त्यावर माशांस आडोसा मिळेल अशा बेतानें धोंडे रचले, चिखलांत वॅलिस्नेरिया नांवाच्या पाणवनस्पतीचें एकच लहानसें रोप लावलें, आणि दोन लहान सोनमासे आंत सोडले.

काचेच्या भांड्यांत मासे ठेवण्याची हौस त्यापूर्वींहि होती. परंतु त्या भांड्यांतील पाणी वारंवार पालटावें लागे, आणि तसें न केल्यास मासे मरत. पाणी न पालटतां मासे जगवितां येतील काय, हा वॅरिंग्टनचा प्रश्न. त्याचें उत्तर रसायनशास्त्रांत असावें असें त्याला वाटलें, व तें सकारण होतें. जोसेफ प्रीस्टलेनें १७७१ सालीं बंद पात्रांत पुदिन्याची डहाळी ठेवून असें दाखविलें होतें कीं, मेणबत्तीनें बिघडलेली हवा वनस्पति पुन्हां सुधारते. १७७९ सालीं इंगेनहूझनें त्याला जोड दिली कीं हें कार्य उजेडांतच घडतें. हवेंत जें घडतें तेंच पाण्यांत घडलें, तर माशानें सोडलेला कर्बवायु रोपानें घ्यावा व रोपानें सोडलेला प्राणवायु माशानें घ्यावा, एवढा सरळ हिशेब होता.

पहिले कांहीं दिवस सारें ठीक चाललें. पुढें वॅलिस्नेरियाचीं जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळ झालें, आणि काचेवर व पाण्याच्या पृष्ठावर हिरवें शेवाळ दाटलें. कागदावरच्या हिशेबांत कुजलेल्या पानाचें कलम नव्हतेंच! हा प्रकार तसाच चालता तर रोप गेलें असतें आणि पाठोपाठ मासे. परंतु वॅरिंग्टनला तळ्यांतील गोगलगायींची आठवण झाली. त्यानें पांच-सहा पाणगोगलगायी आणून पात्रांत सोडल्या. त्यांनीं शेवाळ खाल्लें, कुजकीं पानें फस्त केलीं, आणि त्यांनीं घातलेलीं अंडीं माशांच्या उपयोगीं पडलीं. पाणी पुन्हां निवळलें. एका रोपाचीं पस्तिसांहून अधिक रोपें झालीं, आणि एके वेळीं पाण्यावर चाळिसांहून अधिक फुलें मोजलीं गेलीं.

या फुलांविषयीं दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. वॅलिस्नेरियाचें मादीफूल मळसूत्रासारख्या लांब देंठावर पाण्याच्या पृष्ठापर्यंत येतें. नरफुलें मात्र तळाशींच उमलण्याच्या बेतांत असतात. वेळ येतांच तीं देंठापासून सुटतात, वर येऊन होडीप्रमाणें तरंगतात आणि वाहत वाहत मादीफुलास भेटतात. पुढें फळ धरलें कीं मादीफुलाचा देंठ गुंडाळूं लागतो व फळास खालीं ओढून नेतो. याच गोत्राची वनस्पति हिंदुस्थानांतील तळ्यांतहि आढळते, पण तिच्याकडे वाकून पाहणारा विरळा.

वॅरिंग्टनचा निबंध १८५० सालीं केमिकल सोसायटीपुढें वाचला गेला. काळहि अनुकूल होता. इंग्लंडांत काचेवरील कर १८४५ सालीं उठल्यामुळें काच स्वस्त झाली होती. १८५३ सालीं लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें, आणि पुढच्याच वर्षीं फिलिप गॉस याचें ‘द अॅक्वेरियम’ हें पुस्तक निघालें. मग घरोघरीं काचेच्या टाक्या आल्या. परंतु हौस उतावीळ असते. वॅरिंग्टनचा धीर थोड्यांनाच होता. दोन माशांच्या जागेंत वीस कोंबले, तर कोणतें रोप पुरें पडणार?

पुढें चिखलाकडे घाण म्हणूनच पाहिलें जाऊं लागलें. धुतलेले खडे, हवा फुंकणारें यंत्र, पाणी गाळणारी पेटी ही सरंजामशाही विसाव्या शतकांत वाढली. १८५० सालच्या उपपत्तीवरहि आघात झाला. न्यू यॉर्कच्या मत्स्यालयांतील जेम्स अॅट्झ यानें १९४९ सालीं ‘समतोल मत्स्यपात्र’ ही कल्पना भ्रामक असल्याचें प्रतिपादिलें. त्याचें म्हणणें, वायूंची देवघेव बहुतांशीं पाण्याच्या पृष्ठावरून होते. रोपें नसलीं तरी मासे गुदमरत नाहींत. हें म्हणणें खरें आहे. परंतु त्यावरून रोपें व चिखल निरुपयोगी ठरतात असें मात्र नाहीं. माशांचा खरा वैरी श्वास नसून त्यांच्या शरीरांतून निघणारा अमोनिया होय, आणि तो चिखलाशीं निगडित आहे.

येथें एक योगायोग पाहण्यासारखा आहे. वॅरिंग्टनचा मुलगा, त्याचेंहि नांव रॉबर्टच, याच अपॉथेकरीज हॉलमध्यें वाढला. बापानें सोनमासे सोडले तेव्हां तो दहा-अकरा वर्षांचा होता. मोठेपणीं तो रॉथमस्टेडच्या शेतकी प्रयोगशाळेंत गेला. श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १८७७ सालीं असें दाखविलें होतें कीं, मातींत अमोनियाचें नायट्रेट होणें हें जिवंत जंतूंचें कार्य आहे. मुलानें तोच धागा पुढें नेला, व हें कार्य दोन टप्प्यांत घडतें हें सिद्ध केलें: एका जातीचे जंतु अमोनियापासून नायट्राइट करतात, दुसरे त्याचें नायट्रेट. हे जंतु वेगळे काढण्याचें यश विनोग्राड्स्कीस १८९० सालीं मिळालें. बापाच्या पात्रांतल्या मुठीभर चिखलांत व धोंड्यांवर तेच जंतु मुकाट्यानें राबत होते.

१९९९ सालीं अमेरिकेंतील डायना वॉलस्टॅड यांचें पाणवनस्पतींच्या मत्स्यपात्रावरील पुस्तक निघालें आणि चिखलास पुन्हां प्रतिष्ठा आली. त्यांनीं आणखी एक गोष्ट पुढें आणली: बहुतेक पाणवनस्पतींना नायट्रेटपेक्षां अमोनियाच अधिक रुचतो, म्हणजे रोप हीच एक गाळणी आहे. त्यांची रीत साधी. तळाशीं इंच-दीड इंच कुंडींत घालतात तशी माती, तिजवर सुमारें इंचभर वाळू अथवा बारीक खडे, पहिल्याच दिवशीं दाट लागवड, खिडकीचा उजेड, आणि मासे थोडे. कुजणारी माती रोपांस कर्बवायु पुरविते, मुळांस अन्न देते. वाळूचा थर जाड केला तर मात्र खालीं प्राणवायु पोंचत नाहीं व माती सडून दुर्गंध सुटतो. नवी माती पहिले कांहीं आठवडे अमोनिया सोडते. तेवढा काळ पाणी अधूनमधून पालटावें लागतें, आणि मासे सोडण्याची घाई करूं नये. गोगलगायीहि यांत निमंत्रित असतात. रोपांबरोबर चुकून आलेल्या गोगलगायी वेंचून टाकणारे हौशी लोक मात्र अद्याप पुष्कळ आहेत.