पारितोषिक आणि पाठीवरचा हात

मराठीत ग्रंथकाराला पारितोषिक देण्याची प्रथा आजकालची नव्हे. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. पेशवाई बुडाल्यावरही इंग्रज सरकारने ती कमी प्रमाणात चालू ठेवली. पुढे १८४९ साली पुण्यातील काही सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला, की या पैशाचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांना द्यावा, मग तो लिहिणारा कोणत्याही जातीचा असो. या खटपटीतून दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली. जन्मावर मिळणारे दान आता ग्रंथाच्या गुणावर मिळावयाचे होते. ही लहानसहान गोष्ट नव्हती.

परंतु गुण पारखणार कोण? १८५५ साली अठ्ठावीस वर्षांच्या एका नव्या लेखकाने या कमिटीकडे आपले नाटक पाठविले. त्याचे नाव ‘तृतीय रत्न’. गरीब कुणबी जोडप्याला धर्माच्या नावाखाली लुबाडणारा जोशी त्यात होता, आणि विद्या हाच त्यावरचा उपाय आहे असे सांगणे होते. कमिटीने ते स्वीकारले नाही. हा लेखक म्हणजे जोतीराव फुले. कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपीय सभासदांचे काही चालले नाही, अशी तक्रार त्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त नमूद केली आहे. ते नाटक छापून वाचकांच्या हाती पडावयास शंभराहून अधिक वर्षे लोटली! पारितोषिकाची व्यवस्था चांगली असूनही पारखणाराची दृष्टी अपुरी असली, की काय होते, ते या उदाहरणावरून दिसते.

आता दुसरा प्रकार पाहू. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले. त्र्यंबक बापूजी ठोमरे हा सतरा वर्षांचा मुलगा तेथे कविता म्हणून गेला, आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ म्हटले. तो गौरव मोठा खरा. पण या मुलाला एरवीच्या दिवसांतही आधार लागत होता. तो त्याला रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या नगरच्या घरी मिळाला. संमेलनाने नाव दिले, त्या घराने माया दिली. कवीला दोन्ही लागतात.

अशा मायेची एक परंपराच आपल्याकडे आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना गडकरी गुरू मानीत, खांडेकरही मानीत. वि. स. खांडेकरांनी गुरूचे हे ऋण पुढच्या पिढीला फेडले. तिशीतल्या कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ हा संग्रह १९४२ साली त्यांनी पदरमोड करून प्रसिद्ध केला. पुढे घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहून लिहिणाऱ्या अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’ला प्रस्तावना लिहिली तीही खांडेकरांनीच. शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेल्या त्या लेखकाची कादंबरी १९५९ साली निघाली, आणि १९६१ साली तिला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. फुल्यांना नाकारणाऱ्या कमिटीपासून येथवर यावयास शंभर वर्षे लागली.

तरीही हिशेब पुरा झाला नाही. दिंडोशीहून रेल्वेचे रूळ ओलांडले की पलीकडे गोरेगावचे सिद्धार्थनगर लागते. तेथेच १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गेले, आणि गेले ते विपन्नावस्थेत. पारितोषिकाने कीर्ती दिली. पण चूल रोज पेटावी, एवढे बळ काही त्यात नव्हते.

आज व्यवस्था पुष्कळ झाल्या आहेत. साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकाला पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देते. साहित्य अकादमी २०११ पासून पस्तीस वर्षांच्या आतील लेखकांना युवा पुरस्कार देत आली आहे. प्रथम प्रकाशनासाठी राज्याची वेगळी पारितोषिके आहेत, आणि त्यांतील कवितेच्या पारितोषिकाला बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. हे नाव आम्हांला फार बोलके वाटते. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली ती १९५२ साली. मुलाने, सोपानदेवांनी, ती वही आचार्य अत्र्यांना दाखविली नसती, तर कोणत्याही समितीला त्यांचा पत्ता लागला नसता. समितीपुढे येते ते छापून झालेले पुस्तक. वही वाचावयास माणूसच लागतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की पारितोषिके वाढोत, पण त्यांवर विसंबून आपण मोकळे होऊ नये. दिंडोशीच्या या वस्त्यांतून रिक्षा चालविणारा, घरकाम करणारी, रात्रशाळेत शिकणारा असा कोणी ना कोणी आज वही भरीत असेल. त्याची भाषा आपल्या कानांना ओबडधोबड लागेल. फुल्यांचीही कमिटीच्या कानांना तशीच लागली असेल. ती वही आपल्यापुढे आली, तर आधी शुद्धलेखन तपासू नये. आधी शेवटपर्यंत वाचावी, आणि मग बोलावे. खांडेकरांनी एवढेच केले होते.